आमदारांचं रविवारचं पत्र : देशाचे प्रश्न आणि आपला तालुका

मांजराकाठ (रविवार, सकाळी 9:40)

आमच्या मतदारसंघाचे आमदार दर रविवारी मतदारांना पत्र लिहितात. व्हॉट्सॲपवर येतं, दोन पानांचं असतं. त्यात देशातल्या चालू घडामोडींवर त्यांचं म्हणणं असतं. आमदार उजव्या विचारांचे आणि सत्ताधारी बाजूचे. मी त्यांनाच मत दिलंय आणि पुढेही बहुधा देईन. नाव मुद्दाम लिहीत नाही. चर्चा माणसावर न जाता पत्रावर व्हावी.

पत्राचं मला कौतुक आहे. निवडून आल्यावर फक्त लग्नात आणि दहाव्याला दिसणारे लोकप्रतिनिधी आपण पुष्कळ पाहिले. आपलं मत लिहून, खाली सही करून दर आठवड्याला लोकांसमोर ठेवायला धमक लागते. वक्फ सुधारणा कायद्यावर लिहिलं तेव्हा लोकसभेत 288 विरुद्ध 232 आणि राज्यसभेत 128 विरुद्ध 95 असे मतांचे आकडे दिले होते, आणि आपण त्या बाजूने का, तेही सांगितलं होतं. 'एक देश, एक निवडणूक'चं विधेयक 17 डिसेंबर 2024 ला मांडलं गेलं आणि संयुक्त समितीकडे गेलं, हे मला त्यांच्याच पत्रातून कळलं. बारा लाखांपर्यंत आयकर नाही, 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टर आणि ठिबकवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर, हे सगळं त्यांनी वेळच्या वेळी पोचवलं.

पण पत्र दिल्लीत सुरू होतं आणि दिल्लीतच संपतं. आमदार बसतात विधानसभेत. संसदेत त्यांना मत नाही. तर मग ज्या राष्ट्रीय विषयावर ते लिहितात, त्यात राज्याच्या हातात काय आहे आणि स्वतः त्यांच्या हातात काय आहे, हे पत्रात यायला पाहिजे. आणि असं काही हातात नाही, असा विषय मला तरी दिसत नाही.

ताजं उदाहरण सांगतो. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा रोजगार कायदा केला. पत्रात तो 'ऐतिहासिक' म्हणून आला : शंभराऐवजी सव्वाशे दिवस काम. चांगलंच आहे. पण आधी अकुशल मजुरीचा सगळा पैसा केंद्र देत होतं, आता खर्च केंद्र 60 आणि राज्य 40 असा वाटला जाणार आहे. ते 40 टक्के राज्याच्या अर्थसंकल्पातून येणार. अर्थसंकल्पाला हात वर कोण करतं? आमचे आमदार. मग आपल्या जिल्ह्याला पैसे कमी पडू देणार नाही, असं एक वाक्य पत्रात का नाही?

दुसरी गोष्ट याच्याशीच जोडलेली. सप्टेंबर 2025 च्या पुरात आमच्याकडे मांजराकाठची जमीन अक्षरशः खरवडून गेली. माझ्या चुलतभावाच्या वावरात वरची काळी माती गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला. बांध कुठे होता ते दोन म्हाताऱ्या माणसांना विचारून ठरवावं लागलं. ऑक्टोबरमध्ये राज्याने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि 3 लाखांपर्यंतची कामं नरेगातून, असं होतं. आता नरेगाच्या जागी नवा कायदा आला, तर त्या तीन लाखांच्या कामांचं काय? ती जुन्या कायद्यात पूर्ण होणार की नव्या? हा राष्ट्रीय प्रश्न आहे आणि माझ्या भावाच्या वावराचाही आहे. पत्रात यावर एक ओळ नव्हती.

तुमच्याकडे असं पत्र येतं का? आणि आमदारांना उत्तर लिहायचं झालं तर त्यात काय मागावं?

---

पूर्णाकाठ_परभणी (10:15)

आमच्याकडे पण येतं, दुसऱ्या आमदारांचं. मी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली आहेत. जीएसटीवरचा परिच्छेद शब्दाला शब्द सारखा. वरून मजकूर येतो आणि खाली फोटो बदलतो. याला पत्र कशाला म्हणायचं, पक्षाचं पत्रक म्हणा. त्याला उत्तर लिहून तुम्ही आपला वेळ घालवायलात.

---

मांजराकाठ (10:32)

@पूर्णाकाठ_परभणी, काही परिच्छेद वरून येत असतील, मी नाकारत नाही. पण खाली सही त्यांची आहे. सही केली की मजकूर त्यांचा झाला, आणि त्यावर प्रश्न विचारायचा माझा हक्क झाला. पत्र येत नव्हतं तेव्हा आपण कशावर बोट ठेवणार होतो?

---

तेरणाकाठ (10:58)

मला मूळ धाग्यातलाच सूर पटत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. मी या विचाराला मत देतो ते विचारासाठी. कलम 370, राम मंदिर, समान नागरी कायदा, सीमेवरची भूमिका. माझ्या आमदाराने यावर ठामपणे लिहावं, हीच माझी अपेक्षा आहे. प्रत्येक वेळी 'आमच्या नालीचं काय' म्हणून त्यांना खाली ओढायचं, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. नालीसाठी ग्रामपंचायत आहे. मराठवाड्याचा माणूस देशाचा विचार करतो. निजामाच्या राज्यात राहून त्याने भारतात सामील व्हायचं म्हणून लढा दिला. 17 सप्टेंबर 1948 हा काही नालीचा लढा नव्हता.

आमदारांनी राष्ट्रीय प्रश्नांवर लिहू नये, असं वातावरण या धाग्यामुळे होऊ नये.

---

मांजराकाठ (11:10)

तेरणाकाठ दादा, लिहू नये असं मी कुठेच म्हटलेलं नाही. लिहावंच. 370 वर लिहिलं ते मी पाच जणांना पाठवलं. पण रोजगार कायदा, आयात शुल्क, जनगणना हे विषय नालीचे नाहीत. ते दिल्लीत ठरतात आणि मुंबईतून आपल्यापर्यंत येतात. मधला मुंबईचा टप्पा पत्रात गाळला जातो, आणि नेमके तिथेच आमचे आमदार बसलेले असतात.

---

मोंढ्यातला_माणूस (11:45)

लातूरच्या मोंढ्यात आडत आहे आमची, वडिलांपासून. सोयाबीनचं सांगतो, कारण 'खाद्यतेल स्वस्त, गृहिणींना दिलासा' असा मथळा याच पत्रात मी वाचला होता.

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावर 20 टक्के मूळ आयात शुल्क लावलं. मोंढ्यात तेव्हा लोक खूश झाले होते. 30 मे 2025 ला ते 10 टक्क्यांवर आणलं, म्हणजे पेरणीच्या तोंडावर. हंगामाला हमीभाव जाहीर झाला 5,328 रुपये. आणि दिवाळीच्या आधी माल आला तेव्हा माझ्या ओट्यावर चार हजार, चार हजार शंभरच्या पट्ट्या फाटत होत्या. भिजलेला, डागी माल त्याहूनही खाली. शेतकरी पट्टी हातात घेऊन माझ्याकडे बघतो. त्याला वाटतं आडत्यानेच भाव पाडला.

तेल स्वस्त झालं हे खरं. शहरातल्या माणसाला ते बरं वाटणार, हेही खरं. पण लातूरच्या आमदाराने लातूरच्या शेतकऱ्याला पाठवलेल्या पत्रात फक्त तेवढंच असावं? तेल मिलवाल्याला बाहेरून कच्चं तेल स्वस्त पडलं की तो सोयाबीनला चढा भाव देत नाही. हे मोंढ्यातल्या हमालालाही माहीत आहे.

आता यात आमदाराच्या हातात काय? सांगतो. हमीभाव ठरवताना केंद्राचा कृषी मूल्य आयोग राज्यांकडून शिफारस मागवतो, तिथे राज्य बोलू शकतं. खरेदी केंद्रं कुठे आणि कधी उघडायची, बारदाना वेळेवर येतो का, हे राज्यातच ठरतं. 2024 मध्ये ओलाव्याची अट 12 वरून 15 टक्के केली होती, ती या बोलीवर की वाढीव भार राज्याने सोसायचा. शेजारच्या मध्य प्रदेशाने 2025 च्या हंगामात सोयाबीनला भावांतर लावलं, हमीभाव आणि बाजारभाव यातला फरक द्यायला. तेही उजव्याच विचारांचं सरकार आहे. म्हणजे विचार आड येत नाही. आपल्याकडे का नाही, एवढं पत्रात लिहा. करायचं नसेल तर का नाही करायचं, ते लिहा. आम्ही मोंढ्यात वाचून दाखवू.

---

अंबाजोगाई_सध्या_पुणे (12:20)

हडपसरला राहतो, मतदान गावाकडे. माझ्यासारख्यांना गावच्या आमदाराचं काय चाललंय, ते कळायला हे पत्र एवढंच साधन आहे. देशाच्या बातम्या मला इथे चोवीस तास मिळतात. त्या पत्रात वाचून मी काय करू? आमदारांनी सभागृहात कोणता प्रश्न लावला, त्याला मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, हे मला कुठलंच चॅनल सांगत नाही.

---

बालाघाट_निवृत्त_गुरुजी (12:55)

रोजगार हमीवर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

हा कायदा दिल्लीने आपल्याला दिलेला नाही. दिल्लीनेच तो आपल्याकडून उचलला. कल्पना वि. स. पागे यांची, ते विधान परिषदेचे सभापती होते. 1972 च्या दुष्काळात आमच्या बीड जिल्ह्यात बायामाणसं खडी फोडायला बसायची. मी तेव्हा शाळेत होतो. अमेरिकेतून आलेली लाल मिलो, दुपारी मुलांना सुकडी. आमच्या गावचा पाझर तलाव त्याच कामातला. अजून पाणी धरतो. पुढे 1977 ला राज्याचा रोजगार हमी कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागेल त्याला काम, आणि काम देता आलं नाही तर भत्ता. केंद्राचा कायदा 2005 चा, म्हणजे कितीतरी वर्षांनंतरचा.

आणि पैसा कुठून उभा केला? 1975 मध्ये व्यवसाय कर लावला, तो रोजगार हमीसाठी. माझ्या सगळ्या नोकरीत पगारपत्रकावर तो दिसायचा. आजही नोकरदाराचे महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, असे वर्षाचे 2,500 कापले जातात. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी भागातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचं, अशी ती व्यवस्था होती, आणि ती सगळ्या पक्षांनी मिळून केली. उजवे, डावे, समाजवादी, शेकाप, सगळेच त्यात होते.

म्हणून माझी विनंती अशी की आमदारसाहेबांनी नव्या कायद्याचं स्वागत जरूर करावं, पण महाराष्ट्राचा 1977 चा कायदा आणि त्यातली हमी शाबूत राहणार का, यावर आपलं मत द्यावं. तो कायदा त्यांच्याच सभागृहाने केलेला आहे. त्याची राखण त्यांच्याकडे आहे.

---

गोदाकाठची_सेविका (1:40)

गुरुजींना नमस्कार. मी गंगाखेडकडची. गावात ग्रामरोजगार सेविका म्हणून काम करते, त्यामुळे हा कायदा मी रोज हाताळते. हजेरीपट, दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो ॲपवर, रेंज नसली की टेकाडावर जाऊन चढवायचा. 2025-26 ला मजुरी 312 रुपये. त्याच वेळी सोयाबीन काढणीला गुत्तं घेतलं तर बाईला याच्या दुप्पट पडतात. म्हणून आमच्याकडे कामाची मागणी असते ती जानेवारी ते मे. ऊसतोडीला न गेलेली कुटुंबं, म्हाताऱ्या बाया, एकट्या बाया.

नव्या कायद्यात पेरणी-काढणीच्या काळात वर्षातले साठ दिवस कामं बंद ठेवायची तरतूद आहे. शेतकऱ्यांना मजूर मिळावा म्हणून. शेतकऱ्यांची अडचण मला माहीत आहे, माझ्याही घरी चार एकर आहे. पण हे साठ दिवस कोणते, ते राज्याने ठरवायचं आहे, आणि वेगवेगळ्या भागाला वेगवेगळे ठरवता येतात. पश्चिम महाराष्ट्राची ऊस-भाताची गणितं धरून तारखा ठरल्या तर आमच्या बायांचं नुकसान होणार. आमच्याकडे जूनमध्ये पेरणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीन, पुढे कापूस वेचणी. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, निघून जातात. मागे राहतात त्यांना डिसेंबरपासून काम लागतं. एकही दिवस जानेवारी ते मेमधला जाऊ नये.

हे काम आमदाराचंच आहे हो. तारखा निघायच्या आधी बोलले तर उपयोग. एकदा शासन निर्णय निघाला की मग मोर्चे काढून काही होत नाही. पत्रात हे एवढं आलं तरी मी ते ग्रामसभेत वाचेन.

---

तेरणाकाठ (2:05)

ताई, तुमचा मुद्दा मोलाचा आहे. साठ दिवस राज्य ठरवणार, हे मला माहीत नव्हतं. पत्रात ते यायला पाहिजे होतं, मान्य. मी वैचारिक भूमिकेबद्दल जे लिहिलं त्यावर मात्र ठाम आहे.

---

कायदा_वाचक_संभाजीनगर (2:50)

वकिली करतो. दोन गोष्टी.

एक, आमदाराकडे आयुधं भरपूर आहेत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, पुरवणी मागण्यांवर बोलायची संधी, अशासकीय ठराव. 'केंद्राने अमुक करावं अशी हे सभागृह शिफारस करतं' असा ठराव विधानसभेत मांडता येतो. म्हणजे राष्ट्रीय विषय आमदाराच्या कक्षेबाहेरचा आहे, ही सबब चालत नाही. पत्राच्या शेवटी 'या आठवड्यात मी सभागृहात काय केलं' अशा चार ओळी द्यायला खर्च काहीच नाही. अधिवेशन नसेल तर कोणत्या विभागाला काय लिहिलं, ते द्या.

दोन, ज्या विषयावर मराठवाड्यातल्या प्रत्येक आमदाराने, कुठल्याही पक्षाचा असो, दर महिन्याला लिहायला पाहिजे तो विषय एकाही पत्रात नाही : विकास मंडळ. घटनेच्या कलम 371(2) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वेगळी विकास मंडळं आणि निधीचं समन्यायी वाटप, ही राज्यपालांची विशेष जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. दांडेकर समिती 1983 ला नेमली, तिने अनुशेष, म्हणजे विकासात कोणता भाग किती मागे राहिला, ते मोजलं. मंडळं प्रत्यक्षात यायला 1994 उजाडलं. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने त्यासाठी किती वर्षं घासली, ते जुन्या लोकांना ठाऊक आहे. मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. सप्टेंबर 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुनर्गठनाचा निर्णय घेतला. पुढचं पाऊल केंद्राकडून व्हायचं. राज्यात आणि केंद्रात एकाच विचाराचं सरकार असताना यापेक्षा सोयीची वेळ कोणती येणार?

माझ्या लेखी राष्ट्रीय मुद्दा असावा तर हा. थेट राज्यघटनेतला आहे आणि मराठवाड्याचं नाव घेऊन लिहिलेला आहे. आपल्याकडे विधानसभेच्या 46 जागा आहेत. 46 जणांनी एकाच रविवारी यावर लिहिलं तर बघा काय होतं ते.

---

जालना_रोड (3:30)

जनगणनेवरचं पत्र कुणी वाचलं का? जातनिहाय गणनेचा निर्णय 30 एप्रिल 2025 चा, संदर्भदिनांक 1 मार्च 2027, एवढं सगळं होतं. हैदराबाद गॅझेटियरबद्दलचा, म्हणजे निजामकाळच्या नोंदी धरून मराठ्यांना कुणबी दाखले देण्याबद्दलचा, 2 सप्टेंबर 2025 चा शासन निर्णय मात्र पूर्ण गाळलेला. मराठवाड्यात जातीच्या नोंदीवर पत्र लिहायचं आणि त्या निर्णयाचा उल्लेख नाही! बाजूने लिहा, विरोधात लिहा, पण गप्प का? मराठा समाजालाही उत्तर पाहिजे आणि ओबीसी समाजालाही.

---

धागा_व्यवस्थापक (3:42)

आरक्षणावर आधीच वेगळा धागा चालू आहे. इथे विषय पत्रात काय यावं एवढाच ठेवा. जालना_रोड यांचा मुद्दा पत्रातल्या मौनाबद्दल आहे म्हणून ठेवला आहे. त्यावर वाद वाढवू नका.

---

वसमतची_हळद (4:20)

आमच्याकडच्या पत्रात राष्ट्रीय हळद मंडळावर रकानाभर मजकूर होता. मंडळ जानेवारी 2025 ला सुरू झालं, मुख्यालय निजामाबादला. अभिनंदन. पण वसमतलाच राज्य सरकारचं हळद संशोधन केंद्र उभं राहतंय, बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचं. हिंगोली जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला निजामाबादपेक्षा ते जवळचं. बेणं कधी मिळणार, करपा आणि कंदकुजीवर तिथे कोण माणूस बसणार, एवढं विचारायचं आहे. तुमच्या उत्तरात हळदीचं घालाल का?

---

पूर्णाकाठ_परभणी (5:05)

सेविका ताईंचं आणि वकील साहेबांचं वाचलं. मजकूर वरून येतो हे माझं मत कायम आहे. पण साठ दिवसांच्या तारखांचा प्रश्न वरून आलेल्या मजकुरात नसणार, म्हणजे तो विचारला तर उत्तर स्वतःच लिहावं लागेल. त्या कारणाने मी सही करायला तयार आहे. माझ्याकडच्या आमदारांनाही तेच पत्र देतो.

---

मोंढ्यातला_माणूस (5:25)

उत्तर लिहिणार असाल तर कापसाचं एक वाक्य घाला. आयात कापसावरचं 11 टक्के शुल्क 19 ऑगस्ट 2025 पासून माफ केलं, आणि सवलत वाढवत 31 डिसेंबरपर्यंत नेली. म्हणजे आपला कापूस जिनिंगला यायचे सगळे महिने त्यात गेले. पुढच्या हंगामाला असं काही ठरायच्या आधी राज्याने आपलं म्हणणं केंद्राला कळवावं आणि त्याची प्रत पत्रात द्यावी. निदान परभणी, जालना, बीडच्या आमदारांनी तरी.

---

मांजराकाठ (6:40)

सगळं वाचलं. मी उत्तराचा मसुदा असा करतोय. सुरुवातीला पत्राबद्दल आभार, आणि ते बंद करू नका अशी विनंती. मग प्रश्न : खरडलेल्या जमिनीच्या तीन लाखांच्या कामांचं नव्या कायद्यात काय होणार, साठ दिवसांच्या तारखांवर आमदारांनी विभागाला काय कळवलं, राज्याचा 40 टक्के वाटा या अर्थसंकल्पात किती धरला, सोयाबीनला भावांतर का नाही, कापसाच्या शुल्कावर राज्याने काय लिहिलं, विकास मंडळाचा प्रस्ताव कुठे आहे, गुरुजींचा 1977 च्या कायद्याचा प्रश्न, हळद केंद्र. जालना_रोड, तुमचा मुद्दा एका ओळीत घेतो, बाजू न घेता. आणि कायमची मागणी एकच : दर पत्रात शेवटच्या चार ओळी सभागृहातल्या कामाच्या.

व्हॉट्सॲपवर उत्तर पाठवलं तर ते हजार निरोपांत बुडून जाईल. कागदावर लिहून कार्यालयात नेऊन देणार आणि पोच घेणार. शुक्रवारी लातूरला आहे. कुणी बरोबर येणार असेल तर सांगा.

---

गोदाकाठची_सेविका (7:15)

दादा, माझा मतदारसंघ वेगळा पडतो, म्हणून मी आमच्याकडे वेगळं पत्र देईन. पण मसुदा इथे टाका. साठ दिवसांच्या प्रश्नात 'बागायती आणि कोरडवाहू तालुक्यांसाठी वेगळ्या तारखा' हे शब्द नक्की घाला. नाहीतर जिल्ह्याला एकच तारीख लावून मोकळे होतील.

---

तेरणाकाठ (7:50)

मी शुक्रवारी लातूरला येऊ शकतो, औशाहून सकाळची गाडी आहे. मीही त्यांचा मतदार आहे आणि कार्यकर्त्यांच्या ओळखीतला आहे. आत बसून बोलायला मिळेल असं बघतो. भावाच्या जमिनीच्या पंचनाम्याची झेरॉक्स आणि वावराचे फोटो बरोबर ठेवा.